काडीवरचा शिकारी : प्रस्तावना

प्रार्थनाकीटकाला, म्हणजेच मँटिसला, कान एकच असतो, आणि तो असतो छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मधोमध एका खोल चिरेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी तो १९८६ साली जगापुढे आणला. तोवर हा किडा बहिराच समजला जाई. युरोपातल्या जातीला कार्ल लिनिअसने १७५८ मध्येच ‘मँटिस रिलिजिओसा’ असं नाव देऊन ठेवलं होतं. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात नोंद झाल्यावर सव्वादोनशे वर्षं लोक या किड्याला टाचणीवर लावत होते, त्याची चित्रं काढत होते, पायांवरचे काटे मोजत होते, आणि ती चीर कशासाठी आहे हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

कान एक, आणि त्याचं कामही जवळजवळ एकच. चिरेच्या दोन भिंतींवर दोन पडदे समोरासमोर असतात, पण इतके लगत की आवाज कुठून आला हे त्यांना सांगता येत नाही. आला, एवढंच कळतं. तोही आपल्याला ऐकू येणारा आवाज नव्हे. माणसाचा कान २०,००० हर्ट्झपाशी थांबतो. बहुतेक मँटिसांना नीट ऐकू येऊ लागतं ते २५,००० च्या पुढे. रात्रीच्या हवेत त्या पट्टीत ओरडत हिंडणारा प्राणी म्हणजे वटवाघूळ. उडत्या मँटिसला त्याची चाहूल लागली की तो पुढचे पाय ताणतो, पोट वर उचलतो आणि गिरक्या घेत जमिनीकडे कोसळतो. शत्रू कुठल्या दिशेला आहे हे कळायची गरजच नाही, खाली जायचं एवढं पुरतं. ही कसरत बहुधा नराच्या वाट्याला येते, कारण रात्री मादीचा वास काढत उडतो तो नर. अंड्यांनी जड झालेली मादी क्वचितच उडते, आणि ज्या जातींत मादीचे पंख आखूड असतात त्यांत बहुधा तिचा कानही कमजोर असतो.

सुरुवात कानापासून केली, कारण हा किडा आपल्याला ठाऊक आहे अशी बहुतेकांची समजूत असते. ठाऊक असतात त्या दोन गोष्टी: तो हात जोडून बसतो, आणि मादी नराला खाते. पहिली गोष्ट दिसायला गोड, दुसरी सांगायला चटपटीत. दोन्हींमुळे पुढे काही विचारावंसं वाटत नाही. शिवाय दोन्ही गोष्टी प्रौढ मँटिसच्या आहेत. प्रौढपण हा या प्राण्याच्या वर्षातला छोटा हिस्सा. आपल्याकडच्या अनेक जाती पावसाळ्यात वाढतात, भाद्रपद-अश्विनात गवत कमरेएवढं झालं की पंख फुटलेल्या दिसतात, आणि थंडी संपेपर्यंत बहुतेक मरून जातात. पुढचा कोरडा काळ ती जात जगते ती केवळ काडीला, सालीला, दगडाला चिकटवलेल्या अंडीपेट्यांच्या रूपात. मँटिसची पुढची पिढी येणार की नाही याचा निकाल लागतो तो या महिन्यांत, मँटिस कुठेच दिसत नसताना. माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा गाभा तिथे आहे. पण तिथवर जायच्या आधी प्राणी नीट पाहायला हवा.

त्याला सर्रास नाकतोडा म्हटलं जातं. अंगाचा रंग, लांबट बांधा यांमुळे गफलत होते. पण नाकतोडे आणि टोळ पाला खातात, मँटिस जिवंत शिकारच खातो, आणि नात्याने तो झुरळ आणि वाळवी यांच्या घरातला आहे. हे नातं सांगितलं की लोक नाराज होतात. झुरळाची मादी शेपटाशी तपकिरी पेटी घेऊन फिरते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मँटिसची अंडीपेटी पाहून शंका उरू नये. पूर्वज एक, पुढे एकाने अंधार आणि खरकटं धरलं, दुसऱ्याने उजेड आणि शिकार. ब्राझीलच्या क्रिटेशस काळातल्या दगडांत सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे मँटिस सापडले आहेत. आज जगात त्यांच्या अंदाजे २,५०० जाती मोजल्या जातात. भारतातल्या जाती १६० च्या वर जातात.

जोडलेले ‘हात’ म्हणजे पुढचे पाय. त्यांची मांडी आणि पोटरी काटेरी असते आणि चाकूच्या पात्यासारखी एकमेकांत मिटते. झडप पडते ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात. आपल्या डोळ्याला आधी माशी दिसते आणि मग पायांत अडकलेली माशी. मधलं काही दिसत नाही. पण झडपेचा वेग हा कौतुकाचा सोपा भाग झाला. अवघड भाग आहे अंतराचा. शिकार पायांच्या टप्प्यात आली की नाही हे कळलं नाही तर वेग काय कामाचा?

या प्रश्नापायी एक मजेदार प्रयोग घडला. दोन डोळ्यांनी पाहून अंतर ओळखणं, ज्याला आपण त्रिमिती दृष्टी म्हणतो, ते माणूस, माकड, मांजर, घुबड अशा मोठ्या मेंदूच्या प्राण्यांचं काम असं मानलं जाई. १९८३ मध्ये सॅम्युएल रोसेल यांनी मँटिसच्या डोळ्यांपुढे लोलक धरून दाखवलं की हा किडाही ते करतो. पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँटिससाठी चक्क थ्री-डी सिनेमा काढला. एका डोळ्यापुढे निळी आणि दुसऱ्यापुढे हिरवी अशा इवल्या काचा मधमाशांच्या मेणाने चिकटवल्या, आणि पडद्यावर किड्यासारखा ठिपका फिरवला. ठिपका पडद्यावरच आहे असं दिसलं की मँटिस स्वस्थ. तो पडद्याच्या बाहेर, हाताशी आल्याचा भास झाला की झडप. हे २०१६ साली छापून आलं. २०१८ मधला पुढचा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. आपला मेंदू दोन डोळ्यांतल्या दोन चित्रांचे बारकावे जुळवून अंतर काढतो. मँटिस चित्रं जुळवत बसत नाही. दोन्ही डोळ्यांत बदल कुठे घडतोय तेवढं तो पाहतो. म्हणून दोन डोळ्यांना पूर्ण वेगवेगळ्या ठिपक्यांची चित्रं दाखवली तर माणूस गोंधळतो, मँटिस गोंधळत नाही, हलतं ते त्याला बरोबर सापडतं. एवढ्याशा मेंदूत बसणारी, थोडक्या आकडेमोडीची ही वेगळीच रीत निघाली, आणि यंत्रमानव बनवणाऱ्यांचे कान तिच्यामुळे टवकारले गेले.

मँटिस आपल्याकडे बघतो असं वाटतं, तेही डोळ्यांमुळेच. मान इतकी फिरते की पाठीमागून गेलेल्या माणसाकडेही तो वळून पाहतो. डोळ्यातला काळा ठिपका आपल्या सोबत सरकत जातो, पण ती बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्याच्या ज्या नळ्या त्या क्षणी नेमक्या आपल्या रोखाने आहेत त्या उजेड गिळतात आणि काळ्या दिसतात. आपण बाजूला सरकलो की दुसऱ्या नळ्या काळ्या. या दोन मोठ्या डोळ्यांशिवाय कपाळावर तीन साधे डोळे असतात ते वेगळेच.

पिल्लांना पंख नसतात आणि उड्या मारून हिंडावं लागतं. त्या उडीचा अभ्यास केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सेकंदाच्या दहाव्या भागात पिल्लू हवेत पोट, पुढचे आणि मागचे पाय यांच्यात गिरकी फिरवत राहतं आणि नेमकं काडीवर पायांनी उतरतं. पोटाचे वळे डिंकाने ताठ केल्यावर पिल्लं काडीपर्यंत पोचली, पण डोकं आपटून.

आता ती दुसरी गोष्ट. तिला बगल देता येत नाही, कारण व्याख्यानानंतर पहिला प्रश्न तोच येतो, बहुधा हसत आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे बघत. मादी नराला खाते का? खाते. नेहमी? मुळीच नाही. ही कीर्ती पसरली ती बंदिवासातल्या मँटिसांमुळे. फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्रने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँटिस जाळीच्या झाकणांखाली ठेवून पाहिले आणि जे दिसलं ते इतक्या ताकदीने लिहिलं की पुढच्या कित्येक पिढ्यांनी मँटिस फाब्रच्याच डोळ्यांनी पाहिला. १९३५ मध्ये अमेरिकेत केनेथ रोडर यांनी दाखवलं की डोकं गेलेल्या नराचं शरीर समागमाच्या हालचाली करत राहतं, उलट जोमाने करतं, कारण त्या हालचालींना लगाम घालणारं मज्जाकेंद्र डोक्यात असतं आणि तेच गेलेलं असतं. यावरून लोकांनी काढलेला अर्थ असा, की डोकं गेल्याशिवाय नराला जमतच नाही. रोडर असं म्हणाले नव्हते, आणि डोकं शाबूत असलेल्या नरांचंही उत्तम जमतं.

१९८० च्या दशकात चिनी मँटिसच्या जोड्या पोटभर खायला देऊन, माणसाची लुडबुड टाळून कॅमेऱ्याने टिपल्या गेल्या. त्यांत एकही नर खाल्ला गेला नाही. उलट नर किती सावधपणे, किती वेळ थबकत जवळ जातो, आणि मीलनाआधी दोघांच्या हालचालींचा एक ठरलेला क्रम असतो, हे प्रथमच नीट दिसलं. मग वाटू लागलं की ही सगळी काचपेटीतली विकृती असावी. तेही खरं ठरलं नाही. पोर्तुगालच्या मोकळ्या रानात सुझन लॉरेन्स यांनी मँटिस रिलिजिओसाच्या जोड्यांवर पाळत ठेवली. त्यांचा १९९२ चा आकडा सांगतो की सुमारे ३१ टक्के जोड्यांत नर खाल्ला गेला. दहातले सात वाचतात, तिघांचा फडशा पडतो. जातीगणिक हे प्रमाण बदलतं, आणि एकाच जातीत ते सगळ्यात जास्त अवलंबून असतं मादीच्या भुकेवर.

खाल्ला गेलेला नर वाया जातो का? विल्यम ब्राउन आणि कॅथरिन बॅरी यांनी नरांच्या शरीरातल्या अमिनो आम्लांना किरणोत्सारी खूण करून ती कुठे जातात याचा माग काढला. २०१६ च्या त्या निबंधानुसार खाल्ल्या गेलेल्या नराच्या अंगातला मोठा वाटा मादीत आणि तिच्या अंड्यांत उतरतो, आणि नर खाल्लेल्या माद्या अधिक अंडी घालतात. यावरून नर आनंदाने बळी जातो असं मात्र समजू नये. वाचलेला नर दुसऱ्या मादीकडे जाऊ शकतो. बॅरी यांनीच ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत दाखवलं आहे की उपाशी माद्यांकडे जास्त नर ओढले जातात. अंडी कमी, पण हाक मोठी. भुकेली मादी नरांना फसवून बोलावत असावी असा संशय घ्यायला जागा आहे. आणि आफ्रिकेतल्या ‘मिओमँटिस कॅफ्रा’चे नर तर मादीशी कुस्तीच खेळतात, तिला धरून ठेवतात, कधी जखमीही करतात. त्या जातीची मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते हे कळल्यावर या कुस्तीचा अर्थ आणखी गुंतागुंतीचा होतो. या साऱ्यातून नवराबायकोच्या विनोदासाठी फारसं काही हाती लागत नाही, हे एक बरं आहे.

आपल्याकडच्या जातींची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे काही थोड्यांचीच नावं घेतो, तीही मला आवडतात म्हणून. बागेत, कुंपणावर, दिव्याखाली सगळ्यात जास्त भेटतो तो ‘हिरोड्युला’, बोटाएवढा, दणकट, हिरवा. झाडाच्या सालीवर चपटा होऊन बसणारा ‘हम्बर्टिएला’ बघायला चिकाटी हवी. आपण खोडाजवळ गेलो की तो झरकन पलीकडच्या बाजूला जातो, आपण फेरी मारली की तोही मारतो. माळावरच्या गवतात ‘शिझोसेफाला’ असतो. तो इतका लांब आणि इतका बारीक, की वाऱ्यात डुलत नसता तर गवताची काडी म्हणूनच सोडून दिला असता. आणि डुलतो तेही काडीसारखाच. फुलांवर दबा धरणाऱ्या ‘क्रिओब्रोटर’च्या पुढच्या पंखावर डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. ‘युअँटिसा’ची नुकती जन्मलेली पिल्लं काळ्या मुंग्यांसारखी दिसतात आणि तशीच लगबगीने चालतात, कारण मुंग्यांच्या वाटेला कोळी सहसा जात नाही. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला ‘गाँगिलस गाँगिलोडिस’ लांब काडीसारखी मान आणि पायांवर पानांच्या झालरी घेऊन फिरतो. त्याचंही नाव लिनिअसच्या यादीत आहे. हिरवा आणि तपकिरी म्हणजे दोन जाती, ही चूक नवखे नेहमी करतात. एकाच जातीत दोन्ही रंग असतात, आणि कात टाकताना आसपासचा उजेड व ओलावा यांप्रमाणे पुष्कळदा रंग बदलतोही.

या सगळ्यांना नावं देण्याचं काम भारतात जुनं आहे. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसन यांनी मँटिसांची सूची १८८९ पासून छापायला घेतली. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाची स्थापना १९१६ ची; त्याचं पश्चिम विभागीय केंद्र आज पुण्यात आकुर्डीला आहे. तरी अडचणी आहेत. पिल्लांवरून जात ओळखणं जवळपास अशक्य, नर आणि मादी इतके वेगळे की पूर्वी त्यांना दोन जाती मानल्याचे प्रसंग घडले, आणि कित्येक जातींचे मूळ नमुने युरोपातल्या संग्रहालयांत. पक्ष्यांसाठी जशी माणसं पहाटे उठतात तशी या किड्यांसाठी अजून उठत नाहीत. अलीकडे मोबाइलवर काढलेले फोटो आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळांवर जमू लागल्याने कुठली जात कुठे भेटते याचा निदान कच्चा नकाशा उभा राहतो आहे.

शत्रूंचं प्रकरण वाचताना मळमळेल, पण गाळू नये. मँटिसच्या अंडीपेटीत अंडी घालणाऱ्या ‘पोडॅग्रिऑन’ नावाच्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाशा आहेत. पेटीचा फेस मादीने घोटून घोटून केलेला, वाळला की टणक. पण यांची अंडी घालायची सुई शरीराहून लांब असू शकते, ती पेटीच्या भिंतीतून आत जाते. दुसरा शत्रू केसासारखा लांब कृमी. तो मँटिसच्या पोटात वाढतो, आणि वाढ पुरी झाली की मँटिस पाण्याकडे चालत जाऊन त्यात उडी घेतो. कृमी बाहेर पडतो, मँटिस बहुधा मरतो. पाण्याच्या पृष्ठावरून परतणाऱ्या विशिष्ट प्रकाशाकडे असे मँटिस ओढले जातात, असं जपानमध्ये २०२१ साली दिसून आलं. २०२३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी सांगितलं की या कृमीच्या अंगात मँटिसच्या जनुकांशी जुळणारी १,४०० हून अधिक जनुकं आहेत. यजमानाची भाषा चोरून त्यालाच हुकूम सोडण्याची ही तऱ्हा असावी.

आता जतनाकडे वळताना आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. आपल्या कृषी पत्रकांत ढालकिडा, क्रायसोपा यांच्या बरोबरीने प्रार्थनाकीटकाचं नाव ‘मित्रकीटक’ म्हणून येतं. वाचवायचा तर तो शेतकऱ्याचा मित्र आहे म्हणून, असा सूर असतो. मला हा सूर पटत नाही. मँटिसला मित्र-शत्रू कळत नाही. तो अळी खातो, मधमाशी खातो, फुलपाखरू खातो, आणि ढालकिडाही खातो. बंगळूरमध्ये गच्चीवरच्या बागेतल्या छोट्या तळ्यात एका हिरोड्युला नराने पाण्यावरच्या पानांवर बसून ५ दिवसांत ९ गप्पी मासे मारून खाल्ले. ही नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन संशोधकांनी २०१७ मध्ये जगभरातून मँटिसने पक्षी पकडल्याच्या १४७ घटना गोळा केल्या. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेतल्या, आणि बळी गुंजनपक्षी, बागेत साखरपाण्याच्या बाटल्यांपाशी येणारे. पकडणाऱ्यांत चिनी मँटिस ठळक होता, आणि तो तिथला नव्हेच. १८९६ च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ रोपवाटिकेच्या मालाबरोबर तो पोचला, आणि नंतर कीडनियंत्रणाच्या नावाखाली त्याच्या अंडीपेट्या आजतागायत विकल्या जात आहेत. न्यूझीलंडची कथा याहून करुण. १९७८ मध्ये ऑकलंडला वर उल्लेखलेला आफ्रिकी ‘मिओमँटिस’ आढळला. तिथल्या स्थानिक जातीचे नर या परक्या माद्यांच्या वासाला भुलून त्यांच्याकडे जातात आणि खाल्ले जातात. स्वतःच्या माद्या नर खात नसल्याने त्यांच्या अंगी सावधपणा येण्याचं कारणच नव्हतं.

म्हणून मँटिसच्या पेट्या विकत आणून शेतात सोडण्याचा सल्ला या पुस्तकात कुठेही नाही. मँटिस शेताला भरभरून काही देत नाही, पण तो असतो याचा अर्थ खाली बरंच काही शिल्लक असतं. एवढी शिकार पुरवू शकेल इतके किडे, त्या किड्यांना पुरेल इतका पाला, आणि अंडीपेटी लावायला जागा.

ही जागा युरोपने थोडीफार ओळखली आहे. स्पेन-पोर्तुगालमधला बिनपंखी ‘ॲप्टेरोमँटिस’ युरोपीय संघाच्या अधिवास संरक्षण नियमांत आहे. जर्मनीत मँटिस रिलिजिओसाला संरक्षण आहे, आणि २०१७ साली त्याला तिथला ‘वर्षाचा कीटक’ म्हणून निवडलं गेलं. हवामान तापत असल्याने तो उत्तरेकडे पसरतो आहे, म्हणजे तिथे त्याचं बरं चाललंय. आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत किड्यांची जागा बहुतांशी फुलपाखरांनी भरली आहे, आणि यादीत नाव घालून मँटिसचं फार भलं होईल असंही मला वाटत नाही. त्याला कुणी पिशव्या भरभरून पकडत नाही. त्याला मारते ती आपली स्वच्छता.

दिवाळीपासून जूनपर्यंतचा काळ डोळ्यांपुढे आणा. सह्याद्रीच्या उतारांवर माघ-फाल्गुनात वणवे लागतात, पुष्कळदा मुद्दाम, जुनं गवत जाळलं की नवं जोमदार येतं या समजुतीने. कोकणात राब भाजण्यासाठी फांद्या आणि पाला तोडून आणला जातो. माळरान सरकारी कागदावर पडीक ठरतं आणि त्यावर चर खणून झाडं लावली जातात. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत किंवा बांधावरच जातात. शहरातल्या सोसायट्यांत माळी कुंपण कातरतो, वाळकी टोकं आधी उडवतो. या प्रत्येक कामात काड्या जातात, आणि काड्यांबरोबर त्यांवर चिकटवलेलं पुढचं वर्ष.

यातलं सगळं थांबवा असं म्हणणं सोपं आहे, आणि खोटं आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात वाट पाहत असते. त्या काढायलाच हव्यात, कृषी विभाग तेच सांगतो आणि बरोबर सांगतो. राबाशिवाय नाचणीचं रोप होत नाही असं मानणाऱ्या शेतकऱ्याशी किड्याच्या नावाने वाद घालायला मी जाणार नाही. पण बांध वेगळा. बांधावरचं गवत, घाणेरी, निर्गुडी, बाभळीची खुरटी झुडपं यांना हल्ली तणनाशकाने मारलं जातं, केवळ स्वच्छ दिसावं म्हणून. पिकाला त्याचा फायदा कमी आणि खर्च खिशातून. तिथे हात आखडता घेता येतो. माळरानाचा एखादा पट्टा दरवर्षी आलटून पालटून न जाळता ठेवता येतो. सोसायटीच्या बागेत एक कोपरा जूनपर्यंत न कातरता सोडता येतो. त्यासाठी ठराव करावा लागेल आणि सभेत कुणीतरी सापांचा विषय काढेल, याची तयारी ठेवावी.

दिव्यांचा प्रश्न आणखी एक. रात्री उडणारे नर रस्त्यावरच्या, गच्चीवरच्या झगझगीत दिव्यांकडे येतात आणि पहाटेपर्यंत भिंतीवर बसून राहतात. पाली त्यांना खातात, सकाळी साळुंक्या खातात. माद्या बहुधा गवतातच असतात. म्हणजे दिवा गवतातून नेमके नर उचलतो, आणि तेही ऐन मीलनाच्या दिवसांत. गरज नसताना दिवा बंद ठेवण्याने किती फरक पडतो हे मोजण्याचं काम एखाद्या महाविद्यालयाने हाती घ्यावं. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत, जागरण लागतं.

पुस्तकात प्रौढ मँटिसांइतकीच जागा अंडीपेट्यांच्या चित्रांना दिली आहे. प्रत्येक गटाची पेटी वेगळी: कुणाची फुगीर गोळा, कुणाची लांबट पट्टी, कुणाची शेपूट फुटलेली. त्यांवरून निदान गट ओळखता येतो, आणि जानेवारी ते मे या काळात पाहायला तेवढंच असतं. मुलं पेटी घरी आणून बाटलीत ठेवतात, त्यांना समजावून सांगावं. पेटीतून कधी काही डझन, कधी दोनशेवर पिल्लं एकाच सकाळी निघतात, आणि बाटलीत दुसरं खाद्य नसल्याने एकमेकांना खायला लागतात. पेटी असलेली फांदी छाटायचीच असेल तर तो तुकडा सुतळीने दुसऱ्या झुडपाला कमरेएवढ्या उंचीवर बांधावा. जमिनीवर टाकला तर मुंग्या पिल्लांना बाहेर पडताच उचलतात. पेटीच्या बाजूंना टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली तर आतून परजीवी माशा निघून गेल्या असं समजावं. तरी ती फेकू नये. माशांच्या तावडीतून पुष्कळदा काही अंडी सुटलेली असतात.